एकतीस नंबरची पिवळी गाडी

रंगाचा पहिला हात मारून मी स्प्रे-गन खाली केली आणि गाडीचं नाक सुरकुतायला लागलं. आधी वाटलं, उन्हाची तिरीप पडलीय म्हणून तसं दिसतंय. मान वाकडी करून पाहिलं, चष्मा वर-खाली करून पाहिलं. सुरकुत्या वाढतच होत्या. तापलेल्या दुधावर साय धरावी तसा पिवळा रंग गोळा होत गेला, मग नाकाचा शेंडा मऊ पडला आणि हळूच खाली वाकला. दस्तगीरनं सव्वा महिना खपून केलेली बॉडी मी अर्ध्या मिनिटात निकालात काढली होती.

"बसला का रंग?" दस्तगीरनं आतून विचारलं.

"बसला," मी म्हणालो. खरं तर रंग बसला नव्हता, गाडीला घेऊन आडवा झाला होता.

तो बाहेर आला. त्याचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही, म्हणून उंबरा ओलांडताना तो पाय आधी बाहेर टाकतो आणि मागून स्वतः येतो. सोप्यातल्या स्टुलावर ठेवलेल्या त्या गाडीकडे त्यानं बराच वेळ पाहिलं.

"थिनर कुठला घातलास?"

"नेहमीचाच."

"नेहमीचा म्हणजे लोखंडाचा," तो म्हणाला. "प्लास्टिक हाय ते, सुकू."

मी सुकुमार मगदूम. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तेव्हा मला गाड्या रंगवायला लागून वीस वर्षं झाली होती. जीप, टेंपो, ट्रकच्या केबिनी, एकदा एका आमदारांची गाडीसुद्धा. सगळा कारभार पत्र्याशी. पत्र्यावर कसलाही थिनर ओता, पत्रा हूं की चूं करत नाही. रंग मारण्याआधी समोरच्या वस्तूला तू कशाची बनलीयस हे विचारायचं असतं, हे मला वीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं आणि मलाही ते सुचलं नव्हतं. गन साफ केली, पिवळा कालवला, सवयीनं बाटली उचलली आणि ओतली.

दस्तगीर रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसायला लागला. भिंतीला टेकून, पोट धरून हसला. त्याची बायको शमाभाभी लाटणं हातात घेऊनच बाहेर आली, गाडी पाहिली आणि म्हणाली, "सुकूभाऊ, हे असंच दिसायचं हुतं, का काय राहिलंय अजून?"

मी पण हसलो. हसावं लागलं. पण आतून माझी अवस्था काय होती ते माझं मला ठाऊक. कारण त्या माणसाची गाडी मी बिघडवली होती ही काही पहिली वेळ नव्हती.

ते सांगायला हवं. दस्तगीर मुजावर एका फौंड्रीत पॅटर्न मेकर होता. ओतकामाआधी लाकडाचा जो हुबेहूब साचा करावा लागतो, तो करणारा. केसाएवढा फरक त्याच्या नजरेतून सुटायचा नाही. आणि आठवडाभर लाकूड तासणारा हा माणूस रविवारी शर्यतीची गाडी चालवायचा. आमच्या उद्यमनगरात तेव्हा हे वेड होतं. भंगारातल्या व्हॅनचं इंजिन, नळ्या जोडून केलेली चासी, वर फायबरची बॉडी, असल्या गाड्या पोरं स्वतःच बांधायची आणि गावाबाहेरच्या माळावर पळवायची. दस्तगीरची गाडी एकतीस नंबरची. हळदीसारखी पिवळी, पोटाला एक काळी रेघ. रंग माझा.

शर्यतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी तिला शेवटचा हात देत होतो. पुढच्या उजव्या चाकाजवळ, जिथे दोन नळ्या येऊन मिळतात, तिथे पॉलिश पेपर मारताना मला वेल्डिंगमध्ये एक चीर दिसली. केसासारखी. मी पेपर थांबवला. वेल्डर विष्णू लोहार लग्नाला गावी गेला होता, तो पहाटेच्या गाडीनं येणार होता. दस्तगीर टायर आणायला गेला होता. मी स्वतःशी म्हटलं, जुन्या रंगाचाच तडा असेल. खरं तर तो रंगाचा नव्हता, एवढं मला कळत होतं. पण सगळी गाडी आरशासारखी झाली होती, उद्या शर्यत होती आणि आता चासी उघडा म्हटलं तर माझं काम पुन्हा पहिल्यापासून. मी चिरेत बोटभर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वर प्रायमर, वर पिवळा. कुणाला काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या फेरीत वळणावर पुढचं उजवं चाक निखळलं. गाडी दोन कोलांट्या खाऊन उलटी झाली. दस्तगीर वाचला, पण गुडघा गेला तो गेलाच. लोक म्हणाले, वळणावर खड्डा होता. दस्तगीरही म्हणाला, खड्डा होता. मी काही म्हणालो नाही. चेपलेली गाडी भंगारवाल्याच्या दारात दोन महिने उभी होती आणि त्या दोन महिन्यांत मी त्या रस्त्यानं एकदाही गेलो नाही.

त्यानंतर मी शर्यतीच्या एकाही गाडीला हात लावला नाही. दस्तगीरला मात्र सोडलं नाही. त्याला दवाखान्यात न्यायचं, आणायचं, कुबड्या सुटेपर्यंत फौंड्रीच्या दारात सोडायचं, आणि पुढे काही काम नसलं तरी दर रविवारी जायचं. आमच्या गल्लीत लोक सांगायचे, दोस्त असावा तर सुकूसारखा. मला ते ऐकवत नसे. घरी येऊन मी बायकोवर उगीच खेकसायचो.

अशी अकरा वर्षं गेली आणि एक दिवस दस्तगीरनं जाहीर केलं की तो ती गाडी पुन्हा बांधणार आहे. खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्श्याची. ओट्यावर मावेल एवढी, पण तंतोतंत. मापं त्याच्या डोक्यात होती आणि एका जुन्या वहीतही होती. चासीसाठी त्यानं पितळेच्या बारीक नळ्या आणल्या आणि एकेक जोड डाग देऊन झाळला. चाकं सागवानाची केली. पहिली चार चाकं मोठी झाली, कारण ओतीव धातू थंड झाला की आकसतो म्हणून पॅटर्न नेहमी जरा मोठा करतात, आणि या गड्यानं सवयीनं त्याच फौंड्रीच्या पट्टीनं मापं घेतली होती. शमाभाभीनं ती चाकं पोळपाटाखाली लावली. बॉडीसाठी त्यानं आधी लाकडाचा साचा कोरला, मग साइनबोर्डवाल्याकडून पांढऱ्या प्लास्टिकचा पत्रा आणून तो शेगडीवर तापवला आणि साच्यावर ओढला. आणि मग मला म्हणाला, रंग तूच मारायचास.

मी हो म्हणालो आणि त्याच दिवशी मनाशी ठरवलं, गाडी पुरी होण्याआधी याला सांगायचं. पिवळ्या गाडीवर दुसऱ्यांदा रंग मारायचा आणि दुसऱ्यांदा गप्प राहायचं, एवढं निबर कातडं माझं नव्हतं. सांगितलं की कदाचित या घराचा उंबरा मला बंद होईल. त्याला इलाज नव्हता.

तर असा मी, सांगायचं ठरवून आलो होतो आणि त्याऐवजी त्याच्या गाडीचं नाक वितळवून बसलो होतो.

"साचा हाय की अजून," दस्तगीर डोळे पुसत म्हणाला. "पुढच्या रविवारपातूर दुसरी वडू. त्यात काय."

मी म्हटलं, तोवर चासी तरी दे, ती रंगवून ठेवतो. नळ्या पितळेच्या आहेत, त्यांना माझ्या थिनरनं काही होणार नाही. चासी आतल्या खोलीत कपाटावर कापडाखाली झाकून ठेवलेली होती. मी उठायला लागलो तसा दस्तगीरचा चेहरा एकदम बदलला.

"चासीला हात लावू नको," तो म्हणाला. "ती मी रंगवणार हाय."

"तू? कशानं?"

"ब्रशनं. मी बघतो. तू बॉडीचं बघ."

अकरा वर्षांत तो माझ्याशी त्या आवाजात बोलला नव्हता. शमाभाभीनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती लाटणं घेऊन आत गेली. मी गन गुंडाळली, कॉम्प्रेसर स्कूटरवर बांधला आणि निघालो.

तो आठवडा मला आजही दिवसागणिक आठवतो. त्याला ठाऊक आहे, एवढं एकच डोक्यात घुमत होतं. नाहीतर ज्या माणसाला माझ्याशिवाय कुणाचा रंग पसंत पडत नाही, तो स्वतः ब्रश कशाला धरेल? त्याला सगळं ठाऊक आहे, अकरा वर्षं ठाऊक आहे, आणि पुन्हा एकदा माझ्या हातात चासी द्यायची त्याची तयारी नाही. बरोबरच होतं त्याचं. मंगळवारी एका टेंपोच्या दारावर मी पांढऱ्याऐवजी मोतिया मारला. गुरुवारी बायको म्हणाली, कुठं दुखतंय का बघून तरी या. मी तिला म्हटलं, दुखत नाही, खुपतंय. ती म्हणाली, मग काढून टाका. तिला काहीच ठाऊक नव्हतं, पण सल्ला पक्का होता.

रविवारी मी सकाळी नऊलाच पोचलो. जाताना वाटेत वाक्य तयार केलं होतं, दस्तू, तुला एक सांगायचंय. पुढचं वाक्य काही केल्या तयार होत नव्हतं.

घरात गेलो तर नवरा-बायको दोघं स्वयंपाकघरात शेगडीसमोर. लाकडी चौकटीत ठोकलेला प्लास्टिकचा पत्रा दोघांनी दोन बाजूंनी धरलेला, तो तापून मधोमध पोटासारखा सुटायला लागलेला. दस्तगीरच्या कपाळावर घाम. शमाभाभी पदर खोचून, तोंड दुसरीकडे करून उभी, कारण वास फार येत होता.

"साचा आन, साचा," मला पाहताच दस्तगीर म्हणाला. "कपाटावर हाय. लौकर, पत्रा सांडंल."

मी धावत आतल्या खोलीत गेलो. कपाटावर लाकडाचा साचा होता आणि शेजारी कापडाखाली चासी. घाईत साचा ओढला तसं कापडही आलं. मी त्यांना साचा नेऊन दिला. पत्रा साच्यावर टेकला, दोघांनी चौकट दाबली, आणि एकतीस नंबरची बॉडी पुन्हा जन्माला आली. दोघं दाबून उभेच राहिले, थंड होईतो हलायचं नव्हतं. मी कापड परत घालायला म्हणून आतल्या खोलीत गेलो.

आणि मग ती चासी मी पाहिली. काय काम होतं ते. बारीक बारीक नळ्या, प्रत्येक जोड खऱ्या गाडीसारखा. सीटखालच्या दोन आडव्या नळ्यांतली एक जरा वाकडी होती, ती खऱ्या गाडीत वाकडी होती म्हणून इथेही वाकडी. तंतोतंत म्हणजे तंतोतंत. माझी नजर आपोआप पुढच्या उजव्या चाकाकडे गेली. अकरा वर्षं झोपेत मी त्या जोडाकडेच जात होतो.

तिथे एक पट्टी होती. हरभऱ्याच्या डाळीएवढी पितळेची पट्टी, दोन नळ्यांवर आडवी ठेवून चारी बाजूंनी झाळलेली. डाव्या चाकाकडे पाहिलं. तिथे नव्हती.

खऱ्या गाडीला तिथे पट्टी नव्हती. मी रंगवली होती ती गाडी, मला ठाऊक होतं तिथे काय होतं आणि काय नव्हतं. म्हणजे त्यानं माझ्या चुकीची ही खूण करून ठेवली होती. बोलून दाखवणारा नव्हता तो, म्हणून करून ठेवली. मी चासी उचलली आणि ती तशीच घेऊन स्वयंपाकघरात गेलो. आता वाक्य तयार करायची गरज उरली नव्हती.

"दस्तू," मी म्हणालो, "ही पट्टी कसली?"

त्यानं मान वर केली. माझ्या हातात चासी पाहिली आणि त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. चोर मी, आणि चेहरा त्याचा पडला, हे मला कळेना.

"ती हुती तिथं," तो म्हणाला.

"नव्हती. गाडी मी रंगवलीय."

"तू रंगवल्यावर लावली."

चौकट शमाभाभीच्या हवाली करून तो पाय ओढत पाटावर येऊन बसला. मला म्हणाला, बस. मी बसलो नाही. मग त्यानं जे सांगितलं ते मी उभ्यानंच ऐकलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी तो गाडीजवळ आला आणि सवयीनं सगळ्या गाडीवरून बोटं फिरवली. पॅटर्न मेकरची सवय ती. लाकडाच्या कोपऱ्यात मेण भरून गोलाई दिलेली असते, ती डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. त्या जोडावर त्याच्या अंगठ्याला फुगवटा लागला. त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं, लांबी निघाली, आत चीर. विष्णू नुकताच एस.टी.तून उतरला होता, त्याला तसाच बॅगेसकट दुकानात नेला. त्यानं चीर भरली आणि वर दोन इंचाची पट्टी ठोकून दिली. म्हणाला, आता हत्ती बांध ह्याला.

"मग रंग उघडा पडला," दस्तगीर म्हणाला. "तू घरी झोपलेला. फाटकासाठी आणलेला पिवळा ऑइलपेंट हुता डब्यात थोडा. त्योच ब्रशनं मारला. तुझ्या रंगावर ब्रश मारला रं मी. वरनं ओघळ आला ह्यो एवढा. वाटलं, शर्यत झाली की तुला सांगावं. पर शर्यत अशी झाली. आणि नंतर सांगायचं म्हंजे... तू कसा हायस ठावं हाय मला. तुझ्या रंगाला कुणी नख लावलं तर आठ दिवस बोलत न्हाईस."

म्हणून चासी झाकून ठेवली होती. म्हणून ब्रशनं रंगवणार होता. त्याला ती पट्टी तंतोतंत करायची होती आणि मला कळू द्यायची नव्हती.

मी भिंतीला धरून खाली बसलो.

"चीर मला दिसली होती," मी म्हणालो. "आदल्या दिवशीच. बघून वर लांबी भरली मी. तुला सांगितलं नाही."

"मग ते काय मला कळलं न्हाई व्हय? लांबी काय आपणहून भरती?"

"दस्तू, मला अकरा वर्षं वाटतंय, तुझा पाय मी घालवला."

शमाभाभीनं चौकट खाली ठेवली. बॉडी थंड झाली होती, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"सांगा की आता," ती नवऱ्याला म्हणाली. "त्यांनी सांगितलं की त्यांचं."

मग ती स्वतःच उठली, शिलाई मशीनच्या खणातून सुयांची डबी काढली आणि तिच्यातून एक गंजलेली पिन काढून माझ्या तळहातावर ठेवली. करंगळीएवढी, दोन पायांची कॉटर पिन. चाकाचा नट सुटू नये म्हणून त्याच्यातून आडवी घालतात ती.

"वेल्डिंगला चाक काढावं लागलं," दस्तगीर जमिनीकडे बघत म्हणाला. "परत चढवलं. नट आवळला. पिन खिशात ठेवलेली, ती तिथंच ऱ्हायली. माळावर पोचायची घाई, रंग मारायचा हुता, विसरलो. दवाखान्यात पँट कापली तवा पडली खिशातनं. हिनं उचलून ठेवली. हिला वाटलं कसली तरी किल्ली हाय." मग म्हणाला, "जोड शाबूत हुता, सुकू. भंगारात गाडी बघितली मी कुबड्यांवर जाऊन, चासी चेपली सगळी, पर त्यो जोड हाय तसा हुता. चाक माझ्या हातनं गेलं. खड्डा बिड्डा काय नव्हता. जन्मभर लोकांची सुताएवढी चूक काढतोय, आणि पिन विसरलो म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? पट्टीचं सांगितलं असतं तर चाक काढल्याचं सांगावं लागलं असतं. म्हणून तेबी न्हाई सांगितलं."

मला रडू आलं. लपवण्यासारखं काही नाही त्यात, चांगलं मोकळं रडू आलं. छातीवर ठेवलेलं जातं कुणीतरी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. श्वास आत गेला तो पार तळापर्यंत गेला, आणि मला पहिल्यांदा कळलं की इतकी वर्षं तो अर्ध्यावरून परत येत होता. त्याच वेळी मला त्याचा भयंकर रागही आला होता. अकरा वर्षं खणात पिन ठेवून हा माणूस माझ्याबरोबर चहा पीत होता.

डोळे पुसल्यावर मी विचारलं, "पण मी आदल्या दिवशीच सांगितलं असतं तर? संध्याकाळीच दुसरा कोणी वेल्डर बघितला असता. घाई झाली नसती. पिन राहिली नसती."

दस्तगीरनं यावर विचार केला. खोटं सांत्वन करायची त्याची जात नव्हती.

"आसंल," तो म्हणाला. "न्हाईतर तवाबी विसरलो असतो. आता कोण सांगणार? त्यातला तुझा वाटा तू घे, माझा मी घेतो. पर पुरा पाय तुझ्या नावावर लावू नको. त्यो माझा हाय."

"मी दोस्तीनं येत नव्हतो, दस्तू," मी म्हणालो. एवढं सांगितलं तर हेही सांगून टाकावं असं वाटलं. "भीतीनं येत होतो. दर रविवारी."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी अगदीच खुळ्यासारखं बोललोय.

"भीतीनं माणूस महिनाभर येतो," तो म्हणाला. "लई झालं तर वर्षभर. अकरा वर्षं कोण येतंय भीतीनं?"

"आणि येऊन पोटभर जेवतंय," शमाभाभी म्हणाली.

तिथून पुढे त्या घरात कोण काय बोललं ते मला नीट आठवत नाही. चहा झाला, परत एकदा झाला. विष्णू लोहाराची आठवण निघाली, तो बिचारा बॅग खांद्यावर ठेवूनच वेल्डिंग करत होता म्हणे. मग दस्तगीर साच्यावरची बॉडी सोडवायला बसला आणि मी रंग कालवला. या वेळी टर्पेंटाइनमध्ये. आणि कालवण्याआधी प्लास्टिकच्या कापून उरलेल्या तुकड्यावर एक थेंब टाकून दहा मिनिटं बघत बसलो. दस्तगीरनं ते पाहिलं, पण चांगला माणूस म्हणून काही बोलला नाही.

बॉडी अशी झाली की काय सांगू. चासीही मीच रंगवली, गननं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. शेवटी राहिला तो जोड. बॉडी चढवल्यावरही चाकाजवळ तेवढा बाहेर दिसतो. मी गन उचलली तसा दस्तगीर म्हणाला, "तिथं न्हाई. तिथं ब्रश."

त्यानं मला ब्रश दिला. बारीक, दोन-चार केसांचा. मी पट्टीवर पिवळा लावला.

"लई चांगला लावलास," तो म्हणाला. "असा नव्हता. ओघळ हुता खाली."

मी रंग जरा पातळ करून पुन्हा लावला. पण हात ऐकेना. रंगाचा थेंब खाली जमायला लागला की माझा ब्रश आपोआप जाऊन त्याला टिपून घ्यायचा. वीस वर्षं ज्या गोष्टीसाठी हाताला वळण लावलं, ती गोष्ट तो करायला तयार नव्हता. तीन वेळा टिपलं. चौथ्या वेळी दस्तगीरनं माझं मनगट धरलं आणि म्हणाला, सोड आता. मी सोडला. पट्टीच्या खालच्या कडेवर थेंब जमला, जरा वेळ थांबला, आणि मग आपल्या आपण नळीवरून मुगाच्या दाण्याएवढा खाली उतरला. तिघंही बघत होतो. तो जागच्या जागी थांबेपर्यंत कुणी हललं नाही.

याला आता वीस वर्षं होऊन गेली. गाडी दस्तगीरच्या सोप्यात काचेच्या पेटीत आहे. उद्यमनगरातलं कुणी ना कुणी तिथे येतं, पेटीशी वाकून बघतं, आणि नजर नेमकी त्या जोडावरच जाते. आमच्या धंद्यातली माणसं ती, त्यांना दुसरं काही दिसतच नाही. सगळी गाडी आरशासारखी, आणि चाकाजवळ हा ओघळ. मग मी तिथे असलो तर बोट दाखवून विचारतात, काय मगदूम, हात सुटला वाटतं इथं?

मी म्हणतो, होय, सुटला.